उतरलेले तीस सूर

गेल्या वर्षी दहा ऑगस्टला, शनिवारी सकाळी अकरा वाजता, ओरत्तनाडूपासून नऊ किलोमीटरवरच्या एका वाडीतल्या ख्रिस्ती प्रार्थनाघरात एका पायपेटीच्या दुरुस्तीचा सौदा ठरला. रक्कम साडेअठरा हजार रुपये, सामानासकट. हजर माणसं तीन: मी, तिथले तरुण पाद्री आणि टीचरम्मा. पाद्र्यांना इकडचे ख्रिस्ती लोक 'ऐयर' म्हणतात, म्हणून मीही पुढे तसंच लिहितो. चौथं एक कुत्रं पायरीवर झोपलं होतं. त्याने हरकत घेतली नाही.

मी पेट्या दुरुस्त करतो. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरला आले आणि इथलेच झाले. राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर आहे आणि गिऱ्हाइकं मला 'राव सार' म्हणतात, कारण इथे प्रत्येक मराठी माणूस रावच असतो. एकोणिसाव्या वर्षी मी पुण्याला एका पेटीवाल्याकडे शिकायला गेलो आणि सहा वर्षं राहिलो. देवनागरी लिहायला-वाचायलाही तिथेच शिकलो, नाहीतर हा लेख मला तमिळमध्येच लिहावा लागला असता. आज चोपन्न वर्षांचा आहे. आतापर्यंत एक हजार एकशे बारा पेट्या हातांखालून गेल्या. आकडा अंदाजाचा नाही. प्रत्येकीचं पान वहीत आहे.

ज्यांनी पेटी उघडलेली पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आत लाकडाच्या फळीवर पितळी सूर बसवलेले असतात. एक सूर म्हणजे चौकटीत एका टोकाला जखडलेली पितळेची चिंचोळी जीभ. भात्याची हवा तिच्यावरून गेली की ती थरथरते आणि आवाज येतो. जीभ टोकाशी घासली तर हलकी होते आणि आवाज चढतो. मुळाशी घासली तर कमजोर होते आणि आवाज उतरतो. शास्त्र एवढंच. पण घासलेलं पितळ परत येत नाही, म्हणून हात आवरता येणं हाच खरा धंदा.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटतात. कुंभकोणच्या एका भजनमंडळीच्या पेटीत उंदराची पाच पिल्लं निघाली, तर मंडळीचे वडीलधारे म्हणाले, आज एकादशी आहे, उद्या काढा. मी आणि पिल्लं, दोघांनीही उपास केला. पट्टुकोट्टैच्या एका सावकाराला पेटीतला एकच सूर मुका करून हवा होता, कारण त्याची सून दिवसभर तेवढाच वाजवत बसायची. मी सुनेला दुसरे दोन सूर शिकवून आलो आणि त्या शिकवण्याचे पैसे लावले नाहीत. असल्या गोष्टी मी नेहमी हसवण्यासाठी सांगतो. ही मात्र आजवर घराबाहेर सांगितलेली नाही, कारण हिच्यात चूक माझी आहे.

त्या शनिवारी ऐयर घाईत होते. पाच वाड्यांची पाच प्रार्थनाघरं त्यांच्याकडे, त्यामुळे मोटरसायकलची किल्ली सौदा होईपर्यंत हातातच होती.

"राव सार, एक डिसेंबरला पेटी वाजली पाहिजे," ते म्हणाले. "नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी तो पहिला. नाही जमलं तर कमिटी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेणार आहे. कार्ड घातलं की सगळी गाणी आपोआप वाजतात."

"आणि कार्ड काढलं की?" टीचरम्मांनी विचारलं.

"काढायचं कशाला, टीचरम्मा?"

"मी नाही म्हणत काढा म्हणून. उंदीर काढतील."

टीचरम्मा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. सरकारी प्राथमिक शाळेतून केव्हाच निवृत्त झालेल्या, बांध्याने बारीक, हातात कायम छत्री. त्यांचे वडील या वाडीचे उपदेशियार होते. जिथे पाद्री महिन्यातून एकदा येतो, तिथे रोजची प्रार्थना घेणारा आणि मुलांना धर्म शिकवणारा माणूस म्हणजे उपदेशियार. वडिलांनी वाडीसाठी बावीस गाणी रचली होती, कर्नाटकी रागांत. पेरणीचं, बाळंतिणीचं, पुराचं, मयताचं. एकही छापलेलं नाही. वडिलांमागे एक्केचाळीस वर्षं टीचरम्मा रोज संध्याकाळी मुलांना बसवून ती गाऊन घेत आल्या होत्या. सध्या चौदा मुलं होती, पाच ते तेरा वर्षांची.

ऐयर निघून गेल्यावर त्यांनी मला बाकावर बसवलं.

"तंबी, नाताळ झाला की मुलगी मला कोइमतूरला नेणार," त्या म्हणाल्या. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. इथल्या म्हाताऱ्या बायका माझ्या वयाच्या पुरुषाला अशीच हाक मारतात. "दोनदा पडले. तिचं चुकत नाही. पण मी सूर लावून देते म्हणून ही पोरं गातात. मी गेल्यावर पहिल्या महिन्यात एकजण घसरेल, दुसऱ्या महिन्यात सगळे. पेटी वाजती राहिली तर पेटी सांगेल. सात वर्षं मुकी आहे ती. वादळात छप्पर उडालं तेव्हापासून."

"गाणी वहीत उतरवली आहेत ना?"

"शब्द उतरवलेत. चाल वहीत कशी बसणार?"

मी हिंदू माणूस. पण मला पडलेला प्रश्न मी गिळत नाही. विचारलं, "टीचरम्मा, देवाचं नाव घ्यायला सूर एवढा नेमका कशाला हवा?"

त्या रागावल्या नाहीत. शाळेत वात्रट मुलाकडे बघावं तसं बघितलं. "पाच वर्षांच्या पोराला मी देव काय समजावू? पाप काय समजावू? मी गाणं देते. ते तोंडात बसतं. पुढे कधीतरी घरात कोणी मरतं, नवरा पिऊन येतो, पाणी घरात शिरतं. तेव्हा पोर तोंड उघडतं आणि गाणं आधीच तिथे असतं. विश्वास देणारी मी कोण? त्याला यायला जागा करून ठेवते, बस. पण गाणं बेसूर असेल तर अशा वेळी ते कोणी तोंडात घेत नाही."

मग छत्रीची मूठ पुसत म्हणाल्या, "माझ्या पोटच्या मुलाला नाही देता आलं. संध्याकाळी मी दुसऱ्यांच्या मुलांत असायचे."

माझा मुलगा त्रिचीला नोकरी करतो. मराठी त्याला समजतं, बोलतो तमिळ, आणि कानस कोणत्या हाताने धरायची हे त्याने मला कधी विचारलेलं नाही. मीही कधी त्याला बोलावून बसवलं नाही.

पेटी टेम्पोतून घरी आणली. जुनी विलायती पायपेटी, एकसष्ट पट्ट्या, प्रत्येक पट्टीला दोन, असे एकशे बावीस सूर. भात्याचं कापड चार जागी फाटलेलं, नऊ सूर मुके, एका बाजूची फळी वाळवीने खाल्लेली. भाता, फळी आणि साफसफाईत दोन महिने गेले. मग सूर लावायला बसलो.

सूर मी हल्ली फोनवरच्या सूरमापकाने मोजतो. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग करतात, आणि सूर जागेपासून किती भाग ढळला ते काटा दाखवतो. बाकीचे सूर दोन-चार भागांनी इकडे-तिकडे होते. जुन्या पेटीत तेवढं चालतं. पण तीस सूर चांगले दहा-वीस भागांनी उतरलेले. बघितलं तर ते तिसांचे तीस तीनच स्वरांचे होते. पांढरी चार हा षड्ज धरला तर त्याचे गंधार, धैवत आणि निषाद; सगळ्या सप्तकांतले, दोन्ही रांगांतले. प्रत्येकाच्या मुळाशी कानशीचे बारीक ओरखडे.

इथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता. अपघाताने सूर उतरतात ते वेडेवाकडे उतरतात. असे निवडून तीनच स्वर उतरत नाहीत. मी थांबलो नाही. म्हटलं, कोणा अनाड्याने कानस चालवलेली दिसते. तिसांचे तीस सूर टोकाशी घासून चढवले आणि काटा शून्यावर आणला. चार दिवस लागले. काम इतकं साफ झालं की मी स्वतःवरच खूश होतो.

माझी बायको शेजारच्या खोलीत तांदूळ निवडत सगळं ऐकत असे. चौथ्या दिवशी आमच्या तंजावरी मराठीत म्हणाली, "ते सूर मज गोड लागत होते. कशास चढवलेत?"

"गोड निराळं आणि बरोबर निराळं," मी म्हणालो. हे वाक्य तिने नंतर मला किती वेळा ऐकवलं, त्याची मोजदाद मात्र मी ठेवलेली नाही.

नऊ नोव्हेंबरला पेटी प्रार्थनाघरात परत पोचवली. चौदाही मुलं आंघोळी करून, केस चापून बसली होती. पेटी वाजवणार होती शीबा, वय बारा. तिला टीचरम्मांनी उजव्या हाताच्या दोन बोटांनी वाजवायला शिकवलं होतं. आधी तिने माझ्या फोनकडे बघितलं.

"राव सार, याने पेटीला शिकवलं की पेटीने याला?"

"वाजव, वाजव," टीचरम्मा म्हणाल्या. "तोंडाने नंतर."

पुराचं गाणं होतं. बांध फुटला तरी माझा हात सोडू नकोस, असं त्याचं ध्रुपद. पहिली ओळ ठीक गेली. दुसऱ्या ओळीत गाणं फाटलं. निम्मी मुलं पेटीच्या मागे गेली, निम्मी आपल्या वाटेने गेली, आणि मग सगळीच एकमेकांकडे बघत थांबली. जोएल म्हणून सगळ्यात लहान पाच वर्षांचा मुलगा होता. त्याने पेटीला हात लावून पाहिला आणि टीचरम्मांकडे वळला. मुलं त्यांना पाट्टी म्हणत, म्हणजे आजी.

"पाट्टी, पेटीला ताप आलाय."

मुलं हसली. टीचरम्मा हसल्या नाहीत. त्या उठून पेटीजवळ आल्या, शीबाला पायाने भाता मारायला सांगितलं आणि एकच पट्टी दाबून धरली, गंधाराची. बराच वेळ ऐकलं. मग धैवताची. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अप्पांचा सूर कुठे गेला?"

मला तेव्हा कळलं. सगळं एकदम कळलं.

त्यांनी सांगितलं ते असं. अप्पा म्हणजे त्यांचे वडील. ही पेटी शहरातल्या एका चर्चने टाकून दिलेली. तिचे सूर विलायती पद्धतीने लावलेले, आणि त्यांवर अप्पांची गाणी बसत नसत. अप्पांनी शेजारच्या गावच्या भागवतरांकडून, म्हणजे कीर्तनकार गवयांकडून, तंबोरा मागून आणला. ईस्टरच्या आधीचे चाळीस उपासाचे दिवस ते रोज तंबोऱ्यापुढे बसून स्वतः गात आणि हॅकसॉच्या तुटक्या पात्याने एकेक सूर उतरवत. टीचरम्मा तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या.

"भात्याला पाय मी मारत होते," त्या म्हणाल्या. "पाय पुरत नव्हता, म्हणून उभी राहून मारायचे."

आता माझी लाज लिहितो. पुण्यात चांगले गवई मुद्दाम असे उतरवलेले सूर मागतात. तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो पेटीच्या गंधाराच्या चौदा भाग खाली असतो, हे मला विसाव्या वर्षापासून ठाऊक आहे. तशा एकोणीस पेट्या मी स्वतः लावून दिल्या आहेत. ही पेटी एखाद्या भजनी मठातून आली असती तर ओरखडे बघताच मी विचारलं असतं, हे कोणी लावले? प्रार्थनाघरातून आली म्हणून मी ठरवून टाकलं की यांचे सूर विलायतीच असणार. ख्रिस्ती माणसाच्या कानात तंबोरा असेल हे माझ्या मनातच आलं नाही.

"मी घासला," मी म्हणालो. "मला तो बिघाड वाटला."

ऐयर दारात उभे होते. "मग परत उतरवा ना, सार. त्यात काय?"

"किती उतरवू? मूळचं माप माझ्याकडे नाही."

खरंच नव्हतं. प्रत्येक गोष्ट लिहिणारा मी. वहीत त्या तीस सुरांपुढे तीस वेळा एकच शब्द होता: उतरलेला. जे चूक ठरवलं ते मोजण्याची तसदी मी घेतली नव्हती.

मी हिशेब मांडला. गंधार चौदा, धैवत सोळा, निषाद बारा. शास्त्राने येतात ते भाग. टीचरम्मा म्हणाल्या, "अप्पांना तुझं शास्त्र कुठे ठाऊक होतं? ते आपल्या गळ्याने लावत होते."

"मग तुम्ही गा. मी फोनवर मोजतो."

त्या गायल्या. काटा पाचावर गेला, तिसावर गेला, परत दहावर आला, कुठेच ठरेना. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा गळा, थरथरणारच. त्यांनी चष्मा लावला, पुन्हा गाऊन काट्याकडे स्वतः बघितलं, आणि चष्मा काढून डबीत ठेवला.

"म्हणजे माझ्याकडेही राहिला नाही," त्या म्हणाल्या.

ऐयरांनी मुलांना बाहेर खेळायला पाठवलं. मी फोन तसाच चालू खिडकीत ठेवून अवजारं आवरायला लागलो, कारण मान वर करायची सोय नव्हती. बाहेर मुलींनी अंगणात चौकोन आखून लंगडी मांडली होती आणि लंगडी घालता घालता त्या मघाच्याच षड्जावर तेच पुराचं गाणं म्हणत होत्या, खेळातलं म्हणावं तसं, लक्ष नसताना.

शीबा चौकोनातून ओरडली, "राव सार, तुमचा फोन झोपला वाटतं. हलत नाही."

मी बघितलं. काटा शून्याखाली चौदावर उभा होता. मुली गंधारावर रेंगाळल्या की उभा, पुढे सरकल्या की सुटायचा, परत गंधार आला की परत चौदा.

मी शंकेखोर माणूस आहे. एका काट्यावर विश्वास ठेवत नाही. एकाचं ऐकून दुसरा गाऊ नये म्हणून चौदाही मुलांना एकेक करून प्रार्थनाघरामागच्या पंपाच्या खोलीत नेलं. प्रत्येकाला फोनवर नुसता षड्ज ऐकवून त्याच्याकडून तिन्ही स्वर तीन-तीन वेळा गाऊन घेतले. एकशे सव्वीस मोजण्या झाल्या. अडीच तास लागले. जोएलला दर वेळी एक शेंगदाण्याची चिक्की द्यावी लागली.

गंधार: कोणाचा तेरा, कोणाचा पंधरा, बहुतेकांचा चौदा. निषाद: अकरा ते तेरा. इथवर शास्त्राप्रमाणे. धैवत मात्र सोळा आला नाही. पहिल्या मुलाचा बावीस आला, म्हटलं पोर घसरलं. दुसऱ्याचा एकवीस. तिसऱ्याचा बावीस. चौदाच्या चौदांचा वीस ते तेवीस यांच्यातच. यांतल्या सहा मुलांनी अप्पांच्या सुरातली ही पेटी जन्मात ऐकलेली नव्हती. ज्या गळ्यावरून ती शिकली त्या गळ्याचा काटा माझ्या डोळ्यांदेखत पाचापासून तिसापर्यंत हेलकावे खात होता.

हलत्या गळ्यातून त्यांनी न हलणारा सूर कसा उचलला, हे मी अजून समजू शकलेलो नाही. पस्तीस वर्षं सूर ऐकण्याचंच काम केलं आहे, तरी.

पण धैवताचे बावीस खरोखर अप्पांचे, की मुलांनीच कुठेतरी वाट बदलली? हा प्रश्न घेऊन मी घरी आलो. आणि मग आठवलं: मोडके सूर मी फेकत नाही, पत्र्याच्या डब्यात ठेवतो. या पेटीतला खालच्या सप्तकातला एक धैवत, चौकट वाकून हवा गळते म्हणून, मी घासायला लागण्याआधीच बदलून टाकला होता. बदललेल्या सुराला माझी कानस लागलेली नव्हती. डबा ओतला. सापडला. चौकट हलकेच सरळ केली, जिभेला हात लावला नाही. कडेने मेण लावून हवा बंद केली आणि हातभात्यावर धरला.

बायको तांदळाचं सूप घेऊन दारात उभी होती. "काय म्हणतो?"

"बावीस," मी म्हणालो.

ती सूप खाली ठेवून आत आली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली. आम्ही तो एक सूर परत परत वाजवून ऐकला. एकोणसत्तर वर्षांपूर्वी एका माणसाने तुटक्या पात्याने घासलेला सूर, आणि दुपारी पंपाच्या खोलीत चिक्की चावत गायलेला जोएलचा सूर; दोघांत कणाचाही फरक नव्हता.

पुढचे दोन शनिवार मी प्रार्थनाघरातच बसून सूर उतरवले. फोन खिशात ठेवला. शीबा, जोएल आणि आणखी दोघी समोर बसत. मी सूर वाजवायचा, ती गायची, मी मुळाशी एक हात कानस मारायचो, परत वाजवायचो. पितळ तिसऱ्यांदा घासलं जात होतं. खालच्या सप्तकातल्या त्याच धैवताची नवी जीभ चिरली. तिच्या जागी डब्यातला तोच जुना धैवत बसवला.

"अजून वर आहे," जोएल म्हणायचा.

"किती?"

"एवढासा." बोटांच्या चिमटीत तो दाखवायचा.

"जास्त घासलं तर?" शीबा विचारायची.

"तर तुमचे ऐयर कीबोर्ड आणतील."

"मग हळू घासा, सार. तुमचा हात फार शहाणा आहे."

टीचरम्मा मागच्या बाकावर बसून असत. मधे बोलत नसत. एकदाच, शेवटचा गंधार बसला तेव्हा, डोळे मिटून त्यांनी डावा पाय खालीवर केला, भाता मारावा तसा.

एक डिसेंबरला मी बायकोला घेऊन गेलो. चप्पल बाहेर काढून शेवटच्या ओळीत बसलो. टीचरम्मा आमच्याच ओळीत येऊन बसल्या. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या मुलांच्या समोर उभ्या नव्हत्या. शीबाने दोन बोटांनी सूर दिला. मुलांनी पुराचं गाणं घेतलं. टीचरम्मांचे ओठ घट्ट मिटलेले. एक अक्षरही त्यांनी गायलं नाही. कडवं संपलं की मांडीवरच्या हाताचं एक बोट दुमडत, मोजावं तसं.

तीन कडवी झाली. ऐयरांच्या हातातल्या कागदावर तीनच होती, त्यांनी पुढच्या प्रार्थनेसाठी तोंड उघडलं. मुलं थांबली नाहीत. चौथं कडवं सुरू केलं ते जोएलने, एकट्याने. मग सगळी मिळाली. टीचरम्मांनी माझ्या बायकोचा हात धरला. "हे लहानांना शिकवायचं राहिलं होतं," त्या पुटपुटल्या. "मी शिकवलेलं नाही. मोठ्यांनी दिलं वाटतं त्यांना."

त्या कडव्यात पाणी ओसरतं आणि माणूस बघतो तर हात अजून धरलेलाच असतो. त्यांच्या देवाबद्दल मला बोलण्याचा अधिकार नाही. एवढंच लिहितो की त्या क्षणी मी आणि माझी बायको दोघंही कोणी न सांगता उठून उभे राहिलो होतो, आणि बसायचं केव्हा ते आम्हांला कळेना.

नाताळानंतर तीन दिवसांनी, टीचरम्मा कोइमतूरला निघायच्या आदल्या दिवशी, ऐयरांनी मला पैसे घ्यायला प्रार्थनाघरात बोलावलं. साडेअठरा हजार मोजून पुढे केले. त्यांतली तीस सुरांची मजुरी, दर सुराला दीडशेप्रमाणे साडेचार हजार, मी वेगळी काढली. माझ्या धंद्यात ज्याने सूर लावला त्याने मजुरी घ्यायची. ते तीस मी लावलेले नव्हते.

"मग कोणी लावले?" ऐयर म्हणाले. "मुलांनी? मुलांना कसले पैसे देता, सार?"

"त्यांच्या आयांच्या हातात द्या. पण पावत्या मुलांच्या नावाने."

साडेचार हजारांचे पंधरा भाग केले. भाग निःशेष गेला: तीनशे-तीनशे. चौदा मुलांच्या चौदा पावत्या. जोएलने अंगठा उठवला आणि उरलेली शाई नाकाला लावली. पंधराव्या पावतीवर मी उपदेशियारांचं नाव लिहिलं आणि टीचरम्मांपुढे धरली.

त्यांनी ती दोनदा वाचली. "अप्पांना या कामाचे कोणी कधी पैसे दिले नव्हते," त्या म्हणाल्या. "भागवतरांना तंबोऱ्याचं भाडं म्हणून ते त्या वर्षीचं भात देऊन आले होते."

मग चष्मा लावला, खाली शाळेतल्या बाईंच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं, "वडिलांच्या वतीने मुलीने घेतले," सही केली, आणि तीनशे रुपये मोजून पदराच्या गाठीत बांधले.